मोगरा, माड आणि ओवी : फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची हकीकत

महोत्सवाचे दिवशीं आपल्या देवळाची वेदी मोगऱ्याच्या व शेवंतीच्या फुलांनीं भरून जाते, पवित्र मरियेच्या गळ्यांत हार पडतो, आणि दाराशीं केळीचे खांब उभे राहतात. हें सर्व आपणांस इतकें सरावाचें झालें आहे कीं, त्यांत कांहीं विचार करण्याजोगें आहे असें सहसा कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु या स्मरणिकेकरितां कांहीं लिहावें असें ठरलें, तेव्हां आमच्यापुढें प्रथम हाच प्रश्न उभा राहिला. आपल्या वाडींतलें फूल वेदीवर चढतें हें तर दिसतेंच. पण तें आपल्या छापील धर्मकाव्यांत केव्हां शिरलें, आणि तें तेथें कोणीं नेलें? माणूस, त्याच्या भोंवतालची सृष्टि आणि त्या सृष्टीचा कर्ता, या तिघांची गांठ मराठी शब्दांत ख्रिस्ती माणसासाठीं प्रथम कोणीं बांधली? उत्तर शोधतां शोधतां आम्ही एका इंग्रज पाद्र्याच्या दाराशीं येऊन पोंचलों. फादर थॉमस स्टीफन्स हें नांव आपणांपैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. त्यांचें पुराण मात्र फार थोड्यांनीं उघडून पाहिलें असेल, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन या गांवीं झाला. त्या काळीं एलिझाबेथ राणीच्या राज्यांत कॅथलिक धर्म उघडपणें आचरण्यास बंदी होती. थॉमस पाउंड नांवाच्या एका कुलीन गृहस्थाबरोबर, त्याचा चाकर म्हणून वेष घेऊन, हा तरुण गांवोगांव हिंडत असे. दोघांचा बेत देश सोडून रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचा होता. पाउंड पकडला गेला व त्यास पुढें अनेक वर्षें बंदिवासांत काढावीं लागलीं. स्टीफन्स निसटले आणि १५७५ सालीं रोम येथें संघांत दाखल झाले. हा प्रारंभ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. ज्यास स्वतःच्या देशांत स्वतःच्या रीतीनें देवाचें भजन करितां येत नव्हतें, असा मनुष्य आपल्या किनाऱ्याकडे निघाला होता.

४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच जहाजें निघालीं. त्यांत ते होते. २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास उतरले, आणि १० नोव्हेंबर रोजीं त्यांनीं आपल्या वडिलांस एक लांब पत्र लिहिलें. पुढें हॅक्लुइट नांवाच्या संग्राहकानें तें आपल्या प्रवासवर्णनांच्या ग्रंथांत छापल्यामुळें आज तें वाचावयास मिळतें. जहाजावर दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व सत्तावीस दगावलीं. इतर वेळच्या मानानें हा तोटा कांहींच नव्हे असें लोक म्हणत, हेंही त्यांनीं नमूद केलें आहे. परंतु आम्हांस त्या पत्रांत अधिक मोलाचें वाटतें तें त्यांचें पाहणें. उडणारे मासे, मुशी व तिच्या संगतीनें फिरणारे बारके मासे, आफ्रिकेच्या टोंकापाशीं भेटलेले पक्षी, होकायंत्राच्या सुईचें ढळणें, हें सर्व त्यांनीं डोळे उघडे ठेवून टिपलें आहे. हिंदुस्थान जवळ आल्याच्या खुणाही त्यांनीं क्रमवार सांगितल्या आहेत. आधीं या देशाचे म्हणून ओळखीचे पक्षी दिसले. मग समुद्रावर तरंगणाऱ्या माडांच्या झावळ्या व लव्हाळे आले. त्यामागून पाण्यावर पोहणारे साप, आणि नाण्याएवढा वाटोळा, जणूं सृष्टीनेंच ठसा उमटविलेला असा एक पदार्थ. किनारा अजून डोळ्यांस दिसला नव्हता; झावळी मात्र सामोरी आली होती.

गोव्यांत त्यांची नेमणूक साष्टी प्रांतांत झाली. (आपल्या ठाणें-वांद्र्याकडील साष्टी ही निराळी, नामसाम्यामुळें पुष्कळांचा घोटाळा होतो.) तेथें रायतूर व आसपासचीं गांवें हेंच त्यांचें जवळजवळ चाळीस वर्षांचें कार्यक्षेत्र झालें. १५८३ च्या ऑक्टोबरांत पॅरिस येथील आपला भाऊ रिचर्ड यास त्यांनीं जें पत्र लिहिलें, त्यांतील दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. एक अशी कीं, येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन या भाषांसारखी आहे असें त्यांनीं त्यांत म्हटलें. सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास १७८६ सालीं याच अर्थाचें विधान केलें, त्याच्या दोनशें वर्षें आधींची ही ओळख आहे. दुसरी गोष्ट माडाचें वर्णन. हें झाड तेल देतें, ताडी देतें, पाक, साखर व शिर्का देतें. काथ्याचे दोर होतात, झांपांनीं झोंपड्या शाकारतात. बारा महिने फळ लागतें, तें माणसाच्या डोक्यासारखें दिसतें, आणि आंतील पाणी एका फळाचें प्यालें कीं दुसऱ्याची इच्छा उरत नाहीं. करवंटीचा कोळसा लोहाराच्या कामीं येतो. लिहिण्याचीं पानेंही याच झाडाचीं, असें ते म्हणतात. येथें माड व ताड यांची त्यांची गल्लत झाली असावी; पण विल्टशरच्या माणसास इतकें आपण माफ करूं. वाडींत वाढलेल्या आपल्यासारख्यांस त्यांत नवें असें कांहीं नाहीं, तरीही तें पत्र वाचतांना मन भरून येतें. कारण नव्या देशांत आलेल्या माणसानें तेथील गरिबाच्या घरांत काय काय आहे, तें कोठून येतें, आणि तो कशावर जगतो, याची एवढी चौकशी केली आहे.

आणि तरीही त्याच वर्षीं, जुलै महिन्यांत, कुंकळ्ळी येथें फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार संघबंधु, त्यांच्याबरोबरच्या कांहीं ख्रिस्ती जनांसह, मारले गेले होते. त्यांचीं प्रेतें मिळविण्याच्या कामीं स्टीफन्स यांनीं खटपट केली. त्या धन्य हुतात्म्यांविषयीं आपण ऐकत आलों आहों. पण इतिहास लिहावयाचा तर त्याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. १५६७ च्या सुमारास साष्टींतील हिंदु मंदिरें पोर्तुगीज सत्तेनें पाडलीं होतीं. जुने ग्रंथ बाळगण्यास मनाई होती. आणि कुंकळ्ळीच्या घटनेनंतर तेथील प्रमुख गांवकऱ्यांस आसोळणें येथील किल्ल्यांत बोलावून नेऊन ठार करण्यांत आलें. ज्या राज्याच्या छत्राखालीं स्टीफन्स उपदेश करीत होते, तें राज्य इतरांच्या भजनास तशीच बंदी घालीत होतें, जशी एलिझाबेथ राणीनें त्यांच्या भजनास घातली होती. हें त्यांच्या मनास कितपत टोंचलें असेल तें सांगवत नाहीं. मात्र त्यांनीं पुढें जो ग्रंथ रचिला, तो या पोकळींतूनच जन्मास आला, आणि तें त्यांनीं लपविलेलें नाहीं.

ग्रंथाच्या आरंभींच तो प्रसंग आहे. देवळांत धर्मशिक्षणाचा वर्ग चालला असतां एक ब्राह्मण पाद्र्यास विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तर तुम्हीं वर्ज्य केलीं, मग त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास, ऐकावयास दुसरें पुराण कां देत नाहीं? आम्हांस हा प्रश्न साऱ्या ग्रंथाचा पाया वाटतो. त्या माणसानें धर्म स्वीकारला होता; पण संध्याकाळीं दिवा लागल्यावर घरांत काय म्हणावयाचें, मुलांस कोणती कथा सांगावयाची, पेरणीच्या व कापणीच्या दिवसांत ओंठांवर कोणते शब्द आणावयाचे, हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. धर्मसूत्रें पाठ करून ही भूक भागत नाहीं. ती काव्यानेंच भागते, आणि तेंही आपल्या बोलींत, आपल्या छंदांत असलेल्या काव्यानें.

स्टीफन्स यांनीं त्या प्रश्नास जें उत्तर दिलें, तें सुमारें अकरा हजार ओंव्यांचें आहे. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ असे मिळून ९५ अवस्वर, म्हणजे अध्याय. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा. दुसऱ्यांत तारकाचें चरित्र. १६१६ सालीं रायतूर येथें तें छापून निघालें. छंदाची निवड हीच त्यांची पहिली मोठी शहाणीव. ओवी ज्ञानेश्वरांची, ओवी एकनाथांची. पण त्याहीपूर्वीं व त्याहूनही अधिक ती जात्यावर बसलेल्या बाईची. तीन चरणांस यमक, चौथा आंखूड, आणि त्या आंखूड चरणावर क्षणभर विसावा, अशी तिची चाल असल्यामुळें ती न वाचतां येणाऱ्यासही तोंडपाठ होते. रायतूरच्या पाद्र्यानें लॅटिन स्तोत्रांचा छंद मराठींत ओढून आणिला नाहीं. तो स्वतःच जात्यापाशीं येऊन बसला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

भाषेविषयींही त्यांनीं प्रस्तावनेंत आपला विचार स्पष्ट मांडला आहे. देवाच्या गोष्टी सांगण्यास मराठी योग्य म्हणून ती घेतली. पण शुद्ध मराठी सामान्य जनांस समजणार नाहीं, म्हणून गोमंतकांतील सोपे शब्द तींत मिसळले. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात, देवास परमेश्वर म्हणतात. जुन्या शब्दांत नवा अर्थ ओतण्याचा हा मार्ग कोणास धाडसाचा वाटेल. परंतु त्यावांचून दुसरा मार्ग नव्हता, असें आमचें मत आहे.

आतां ज्या मोगऱ्यापासून आम्ही निघालों, त्याकडे येऊं. पहिल्या अवस्वरांत मराठी भाषेची जी थोरवी गाइली आहे, ती महाराष्ट्रांतील शाळांतून पुष्कळांनीं वाचली असेल; तिचे शब्द येथें उतरून घेत नाहीं. तिचा घाट मात्र पाहण्याजोगा आहे. खड्यांत रत्न, फुलांत मोगरा, सुवासांत कस्तुरी, पांखरांत मोर, झाडांत कल्पतरु, अशा एकामागून एक उपमा देऊन कवि भाषांमध्यें मराठीस मान देतो. यांतील एकही वस्तु त्याच्या जन्मभूमीची नाहीं. इंग्लंडांत गुलाब आहे, ओक आहे, हंस आहे; त्यांपैकीं एकासही त्यानें हांक मारिली नाहीं. आणि येथें सूक्ष्म गोष्ट अशी कीं, तो सृष्टीचें वर्णन करीत नाहींच. तो सृष्टीस माप म्हणून वापरतो. भाषा किती थोर, हें मोजावयाचें आहे, आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत त्यानें मोगरा ठेविला आहे. ज्या श्रोत्याच्या दारीं मोगरा आहे, त्यासच हें वजन कळतें. त्या श्रोत्याचे डोळे, त्याचें नाक, त्याचा अनुभव यांस हा परदेशी पाद्री अशा रीतीनें प्रमाण मानतो. उपदेशकानें श्रोत्यास असा मान दिल्याचीं उदाहरणें त्या काळांत फार नाहींत.

कल्पतरूविषयीं एक शब्द. तो झाड म्हणून कोठें उगवत नाहीं, तो कथेंतला. पण कोंकणांत माडासच कल्पवृक्ष म्हणण्याची चाल आहे. १५८३ च्या पत्रांतील ती लांबलचक यादी, म्हणजे तेल, पाणी, साखर, दोर, छप्पर, कोळसा, ही पुन्हा वाचली, तर कल्पवृक्षाची याहून चांगली व्याख्या कोणती करावी? ओवी रचितांना त्यांच्या मनांत माडच होता, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या दोन लिखाणांमध्यें तेहेतीस वर्षें लोटलीं आहेत, आणि तेवढ्या काळांत बाहेरून आलेल्या माणसाचें कुतूहल घरच्या माणसाच्या शब्दांत पालटलें आहे.

येथें आमच्या नायकाची फाजील स्तुति होऊं नये म्हणून एक कबुली देतों. ख्रिस्तपुराण हें निसर्गकाव्य नव्हे. असीसीच्या संत फ्रान्सिस यांनीं सुमारें १२२५ सालीं, डोळे जवळजवळ गेले असतां, सूर्यास बंधु व पाण्यास भगिनी म्हणून जें स्तवन रचिलें, त्यांत सृष्टि स्वतः देवासमोर उभी आहे. स्टीफन्स यांच्या ग्रंथांत ती कथेच्या मागें उभी राहते. मुख्य गोष्ट तारणाची आहे, आणि मोगरा हा तिच्या वाटेवरचा आहे. पुष्कळ भाग उपदेशाचा व प्रश्नोत्तरांचा असल्यामुळें तो आजच्या वाचकास कंटाळवाणाही वाटेल. फुलालाच नायक करणारा ख्रिस्ती मराठी कवि पाहिजे असेल, तर नारायण वामन टिळक यांच्यापर्यंत यावें लागतें. ते १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण त्यांच्या फुलांवर कोणा पंथाची मालकी नाहीं. ख्रिस्तायन हें महाकाव्य त्यांनीं आरंभिलें, आणि १९१९ सालीं त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनीं तें पुढें नेलें. जात्यावरची ओवी घराघरांतून ऐकत वाढलेल्या पिढीच्या बाईच्या हातीं ख्रिस्तकथा यावी, हा योगही लहान नव्हे.

आपल्या वसईकडे या सगळ्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. ख्रिस्तपुराण आपल्या घराघरांत वाचलें जात होतें, असा दावा आम्ही करीत नाहीं. पण ज्या मातींतून त्याची ओवी आली, ती माती आपल्याही अंगणांत होती. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणण्याचा विधि आपल्या म्हाताऱ्यांनीं केला आहे. पाण्याचा घडा डोईवर, ओंठांवर गाणें, आणि गाण्यांत देवाचें नांव. ऑक्टोबरांत आगेऱ्याच्या सणास नव्या भाताच्या लोंब्या देवळांत नेऊन आशीर्वादित करून घेण्याची चाल आहे. झावळ्यांच्या रविवारीं आपण ज्या झावळ्या हातीं धरितों, त्यांची फडफड लहान मुलांस उपदेशाहून अधिक आठवते, हें आम्ही आमच्याच लहानपणावरून सांगतों. त्या दिवशीं यरुशलेमांतील फांदी व आपल्या वाडींतील फांदी यांत भेद राहत नाहीं. लग्नांतल्या ज्या बायांनीं हीं गाणीं म्हटलीं, त्यांचीं नांवें कोणत्याही ग्रंथांत आलीं नाहींत, आणि त्यांच्या ओंव्या पुष्कळशा त्यांच्याबरोबरच गेल्या. आमच्या आजीच्या पिढीस तोंडपाठ असलेल्यांपैकीं आम्हांस चार-दोनच आठवतात, त्याही तुटक. वाडी विकून तेथें इमारत उठली, विहीर बुजली, कीं पाणी आणण्याचें गाणें कोठें म्हणावयाचें? मोगरा आतां दारचा नसून बाजारचा आहे. आणि ज्या मुलास मोगरा व मदनबाण यांतला भेद सांगतां येत नाहीं, त्यास त्या ओवींतलें वजन शिक्षकानें समजावून द्यावें लागतें.

लिखित ग्रंथही याहून फारसा सुरक्षित नव्हता. स्टीफन्स १६१९ सालीं गोव्यांत वारले. त्यांची ख्रिस्ती शिकवणीची पुस्तिका १६२२ सालीं व व्याकरण १६४० सालीं मागाहून छापलें गेलें. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ सालीं निघाल्या. मग वारें फिरलें. २७ जून १६८४ रोजीं गोव्याचा व्हाइसरॉय कौंट द आल्व्होर यानें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज भाषा शिकून आपली बोली सोडावी. जी भाषा मोगऱ्यासारखी म्हणून पाद्र्यानें गौरविली होती, तीच टाकून देण्याचा हा हुकूम ख्रिस्ती राज्यानें ख्रिस्ती प्रजेस दिला. लोकांनीं बोली सोडली नाहीं. पण छापणें थांबलें. छापील तीन आवृत्त्यांपैकीं एकीचीही प्रत आज उपलब्ध नाहीं.

ग्रंथ वांचला तो हातांनीं केलेल्या नकलांमुळें. गोव्याहून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो मंगळूरकडे नेला, आणि तेथें तो गाइला जात असे. टिपू सुलतानाच्या कैदेंत, म्हणजे १७८४ पासून पुढें, त्या लोकांस या ओंव्यांचा आधार होता, असें परंपरा सांगते. तेथील हस्तलिखितांवरून जोसेफ सालडाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो रोमन लिपींत छापला, म्हणून आज आपण त्याविषयीं बोलूं शकतों. लंडन येथें विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांत देवनागरी अक्षरांतील एक प्रत होती. तिच्याकडे अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनीं विसाव्या शतकांत अभ्यासकांचें लक्ष वेधलें. तींत संस्कृत शब्दांचा भरणा अधिक आहे, आणि मूळ पाठ कोणता याविषयीं विद्वानांत वाद आहे. त्या वादांत आम्ही पडत नाहीं.

लिपीची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. पुराण छापण्यापूर्वीं, १६०८ सालीं, स्टीफन्स यांनीं रोम येथील संघप्रमुखांस पत्र लिहून विनंति केली होती कीं, येथील पुस्तकें येथल्याच अक्षरांत छापण्याची सोय व्हावी. अडचण त्यांस ठाऊक होती. जोडाक्षरांमुळें सुमारें सहाशें ठसे पाडावे लागतील. पण युक्तीनें ते दोनशेंवर आणतां येतील, असा हिशेबही त्यांनीं केला होता. ठसे झाले नाहींत, आणि मराठी ओवी रोमन अक्षरांत छापली गेली. शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास ख्रिस्तपुराण देवनागरींत छापून प्रसिद्ध केलें तें १९५६ सालीं, म्हणजे त्या विनंतीनंतर ३४८ वर्षांनीं. पुढें २००९ सालीं फादर नेल्सन फालकाव यांनीं आजच्या मराठींतील अनुवादासह त्याची आवृत्ति काढली. ज्यांस मूळ ओंव्यांची वाट अवघड वाटेल, त्यांनीं त्या अनुवादापासून आरंभ करावा, आणि पहिला अवस्वर मोठ्यानें वाचावा.